फिरतीवर क्राफ्ट बिअर: सोलापूरहून निघताना ब्रुअरी कशी शोधायची आणि कशी गाठायची

चादरी, टॉवेल, युनिफॉर्मचे नमुने गाडीत टाकून सोलापूरहून पुणे, हैदराबाद, बंगळुरूची फिरती करणारे पुष्कळ जण आता विचारतात, "तिकडं ताजी बिअर कुठं चांगली मिळते?" कोणीतरी चार नावं सांगतं. नावं बरोबर असतात, तरी संध्याकाळ फुकट जाते. हॉटेल एका टोकाला आणि ब्रुअरी, म्हणजे क्राफ्ट बिअर (थोड्या प्रमाणात, चवीकडे लक्ष देऊन बनवलेली बिअर) बनवून तिथेच देणारी जागा, दुसऱ्या टोकाला निघते. पोचल्यावर कळतं की आज ड्राय डे आहे, किंवा हवी ती बिअर कालच संपली. सगळ्यात वाईट म्हणजे गाडी दारात उभी असते आणि पिऊन झाल्यावर ती चालवायची कोणी, हे ठरलेलंच नसतं.

चूक क्रमात आहे. लोक आधी ब्रुअरी ठरवतात, मग हॉटेल बघतात आणि गाडीचा विचार शेवटी करतात. आधी काम, मग मुक्काम, मग गाडी आणि या तिन्हींत जी बसेल ती ब्रुअरी, असा क्रम ठेवला तर बाकीचं सोपं होतं. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. मधला एखादा गाळू नका.

निघण्याआधी हे जवळ असू द्या

वयाचा पुरावा असलेलं मूळ ओळखपत्र घ्या. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ वर्षं आहे, स्पिरिट म्हणजे व्हिस्की-रमसारख्या दारूसाठी २५. कर्नाटक आणि तेलंगणातही २१ पूर्ण लागतात. सोबत नवा पोरगा असेल, तर त्याचं ओळखपत्र निघतानाच बघून घ्या.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार आपल्या राज्यात दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. नेहमी फिरतीवर असणाऱ्याने आजीवन परवाना काढून ठेवावा आणि त्याची प्रत पाकिटात ठेवावी.

तिसरी गोष्ट कंपनीच्या नियमांची. गाडी कंपनीची असेल, तर ती कामाच्या वेळेनंतर खासगी कारणासाठी वापरता येते का, हे आधी विचारा. अपघात झालाच, तर विम्याचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

टप्पा १: कामाचा कागद आधी मांडा

एका कागदावर दिवसवार लिहा: कोणत्या पार्टीकडे (गिऱ्हाईक व्यापाऱ्याकडे) किती वाजता जायचं, वसुली कुठली, नमुने कुठं दाखवायचे आणि दिवसातलं शेवटचं काम कोणत्या भागात संपतं. ब्रुअरीसाठी महत्त्वाची आहे ती ही शेवटची ओळ.

मग प्रत्येक मुक्कामापुढे दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी किती वाजता काढायची ते लिहा. सकाळी सहाला स्टेअरिंगवर बसायचं असेल, तर आदली संध्याकाळ ब्रुअरीची नाही. का, ते टप्पा ६ मध्ये हिशोबासकट दिलं आहे. ज्या मुक्कामानंतर सकाळचं काम त्याच शहरात आहे, तीच संध्याकाळ धरा. चार दिवसांच्या फिरतीत अशी एखाद-दुसरी संध्याकाळ निघते, आणि तेवढी पुरते.

पहिल्या रात्रीचा मोह टाळा. सोलापूर ते पुणे सुमारे २५० किलोमीटर आहे, ते जमून जातं. हैदराबाद ३०० च्या वर आहे. बंगळुरू विजयपूर, होस्पेट, चित्रदुर्ग करत सव्वासहाशेच्या आसपास जातं. एवढं चालवून आलेल्या माणसाला बिअरची चवही नीट लागत नाही. त्या रात्री जेवून झोपा.

तपासा: कागदावर निदान एका संध्याकाळपुढे "सकाळी गाडी नाही" असं लिहिलेलं आहे का? नसेल, तर या फिरतीत ब्रुअरी नाही. कामाची वेळ ओढूनताणून बदलू नका.

टप्पा २: शहराची बाजू ओळखा

सोलापूरकराला सगळ्यात उपयोगी पडते ती ही माहिती, आणि नेमकी तीच कोणी सांगत नाही. आपण शहरात कोणत्या बाजूने शिरतो, आपलं काम कुठं असतं आणि ब्रुअऱ्या कुठं आहेत, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

*पुणे.* आपण यवत, लोणी काळभोर करत हडपसरला शिरतो, म्हणजे शहराच्या पूर्वेला. मुंढवा, मगरपट्टा, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर ही बाजू आपल्याला जवळची. मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आहे, कोरेगाव पार्कात एफिंगट, कल्याणीनगरला टॉइट. बाणेर-बालेवाडीकडेही ताज्या बिअरची ठिकाणं आहेत, पण ती शहराच्या दुसऱ्या टोकाला. काम हिंजवडी किंवा चाकण बाजूला असेल तरच तिकडं बघा. लक्ष्मी रोडला पार्टी, हडपसरला मुक्काम आणि बाणेरला बिअर असा बेत केला, तर संध्याकाळचे दोन-तीन तास रस्त्यातच जातात.

पुण्यात मेट्रोचा उपयोग करून घ्या. वनाज ते रामवाडी मार्गावर कल्याणीनगरचं स्टेशन आहे. दिवसभराचं काम पेठांत असेल, तर गाडी हॉटेलवर ठेवून मेट्रोने जाणं सरळ पडतं.

*हैदराबाद.* नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी करत आपण पाटणचेरूकडून शिरतो, म्हणजे पश्चिमेकडून. गच्चीबावली, माधापूर, हायटेक सिटी, ज्युबिली हिल्स ही मायक्रोब्रुअऱ्यांची (छोट्या ब्रुअऱ्यांची) बाजूही पश्चिमेलाच आहे. ज्युबिली हिल्समधलं प्रोस्ट हे त्यातलं ठाऊक नाव. अडचण अशी की कापडवाल्यांचं काम असतं बेगम बाजारात, नाही तर सिकंदराबादच्या जनरल बाजारात, आणि स्वस्त लॉजही तिथेच. सोलापुरातल्या पुष्कळ पद्मशाली घरांचे पाहुणे हैदराबादेत असतात, त्यामुळे मुक्काम पाहुण्यांकडेच होतो. तो कुठं आहे ते बघून मग ठरवा. अमीरपेट हे मेट्रोचं बदलायचं स्टेशन आहे. तिथून निळ्या मार्गाने ज्युबिली हिल्स चेक पोस्ट, हायटेक सिटी, रायदुर्ग असं जाता येतं. पाहुण्यांकडे उतरला असाल, तर परत यायची वेळ सांगून जा आणि ती पाळा.

*बंगळुरू.* इथं पर्याय सगळ्यात जास्त, आणि गोंधळही. आपण तुमकूर रस्त्याने पीण्या-यशवंतपूर बाजूने शिरतो, तर नावाजलेल्या जागा पूर्वेकडे इंदिरानगर, एमजी रोड, व्हाइटफील्ड अशा पसरलेल्या. इंदिरानगरचं टॉइट आणि मॅग्रथ रोडचं आर्बर या दोन जागा मेट्रोने गाठता येतात. कापडाचं काम चिकपेटेत असेल, तर चिकपेटे स्टेशनवरून हिरव्या मार्गाने मॅजेस्टिक आणि तिथं बदलून जांभळ्या मार्गाने एमजी रोड किंवा इंदिरानगर. बंगळुरूच्या संध्याकाळच्या रहदारीत स्वतःची गाडी घालणं मला कधीच पटलेलं नाही, बिअर असो वा नसो. व्हाइटफील्डचं विंडमिल्स चांगलं आहे, पण मुक्काम त्याच बाजूला असेल तरच.

इशारा: "वाटेत कुठंतरी थांबू" हा बेत डोक्यातून काढा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. पुढे २०,००० पर्यंत लोकवस्तीच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर झालं आणि नगरपालिका-महापालिकांच्या हद्दीला नियम लागू नाही असं २०१७ मध्ये स्पष्ट झालं. तसंही ताजी बिअर बनवणाऱ्या जागा मोठ्या शहरांत असतात, हायवेच्या कडेला नाही. भिगवणला मासे खायला थांबा, जेवून पुढं निघा.

टप्पा ३: शोधताना तीन प्रकार वेगळे करा

मोबाईलच्या नकाशात "ब्रुअरी" टाकलं की साधे बार, वाइन शॉप, बिअरचे कारखाने आणि खऱ्या मायक्रोब्रुअऱ्या, सगळं एकत्र येतं. छत्रपती संभाजीनगरच्या फिरतीवर हे हमखास होतं. वाळूज एमआयडीसीत मोठे बिअर कारखाने आहेत, नकाशात ते ठळक दिसतात आणि माणूस गेटवर जाऊन सिक्युरिटीशी बोलून परत येतो. कारखान्यात असं आयत्या वेळी कोणालाही सोडत नाहीत.

म्हणून आधी ओळखा:

१. *मायक्रोब्रुअरी किंवा ब्रूपब.* बिअर तिथेच टाक्यांत बनते आणि तिथेच नळातून ग्लासात येते. आपण शोधतो ती हीच.

२. *टॅपरूम.* बिअर छोट्या उत्पादकाची, पण बनते दुसरीकडे आणि इथं केगमधून (पिंपातून) येते. चांगली असू शकते, फक्त टाक्या बघायला मिळणार नाहीत.

३. *बाटलीतली "क्राफ्ट".* लेबल कलात्मक असतं, पण ती सोलापुरातल्या दुकानातही मिळते. तिच्यासाठी वाट वाकडी करू नका.

फरक ओळखायला फोटो बघा. ग्राहकांनी टाकलेल्या फोटोंत काचेमागे स्टीलच्या उंच टाक्या दिसतात का? मेनूच्या फोटोत बिअरच्या नावापुढे तिचा प्रकार आणि अल्कोहोलचं प्रमाण लिहिलेलं आहे का? जी जागा हे छापते, ती बिअरकडे लक्ष देते असा माझा अनुभव आहे. नुसत्या झगमगीत लाइटांचे आणि डीजेचे फोटो असतील, तर ती गाण्याची जागा आहे.

अभिप्राय वाचताना तारे मोजू नका. गेल्या दोन-तीन महिन्यांतले अभिप्राय काढा आणि त्यांत बिअरबद्दल काय लिहिलंय तेवढंच वाचा. पार्किंग, वेटर आणि पनीर टिक्का यांवरून दिलेले तारे आपल्या कामाचे नाहीत. या धंद्यात जागा बंद पडतात, हात बदलतात, बिअर बनवणारा माणूस सोडून जातो. वरची नावंसुद्धा सुरुवात म्हणून घ्या आणि फोन केल्याशिवाय निघू नका.

तपासा: यादीत प्रत्येक शहरासाठी दोनच नावं आहेत ना? एक जायचं आणि एक राखीव. एका संध्याकाळी तीन जागा फिरायचा बेत कागदावर बरा दिसतो. प्रत्यक्षात दुसऱ्या जागेपर्यंत जीभ थकलेली असते.

टप्पा ४: फोन करा आणि हे चार प्रश्न विचारा

दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान फोन करा. जेवणाची गर्दी ओसरलेली असते, माणूस नीट बोलतो.

१. *"आज नळावर तुमच्या स्वतःच्या कोणत्या बिअर आहेत?"* मेनूत आठ नावं असली तरी प्रत्यक्षात चार-पाचच चालू असतात. एलसारखी (उबेत लवकर आंबणारी) बिअर बनून ग्लासात यायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, लागरला (थंडीत सावकाश आंबणारीला) महिना-दीड महिना. त्यामुळे एखादी संपली, तर ती लगेच परत येत नाही.

२. *"छोट्या ग्लासांचा सॅम्पलर मिळतो का?"* चार ते सहा लहान ग्लासांचा हा संच नवख्याला सगळ्यात फायद्याचा.

३. *"आज काही कार्यक्रम, मॅच किंवा कव्हर चार्ज (आत शिरायचे पैसे) आहे का?"* शनिवार-रविवारी एकट्या पुरुषाला किंवा नुसत्या पुरुषांच्या ग्रुपला प्रवेश नाकारणाऱ्या जागा आहेत. फिरतीवरचा माणूस बहुधा एकटाच असतो, म्हणून हे फोनवरच विचारा. सोमवार ते गुरुवार हा त्रास फारसा नसतो, आणि आपली फिरतीही त्याच वारांना असते.

४. *"ब्रुअर आज आहेत का? टाक्या बघता येतील का?"* ब्रुअर म्हणजे तिथला बिअर बनवणारा माणूस. हो म्हणाले, तर टप्पा ८ वाचून जा.

टप्पा ५: तारीख तपासा, तीही जिथं जाताय तिथली

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर सगळ्यांना पाठ असतात. फसवतात त्या बाकीच्या तारखा. निवडणूक असेल, तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास विक्री बंद असते आणि मतमोजणीच्या दिवशीही बंदी असते. आपल्याकडे निवडणूक नसली तरी कर्नाटकात किंवा तेलंगणात असू शकते. हैदराबादेत बोनालू (देवीचा उत्सव) आणि गणेश विसर्जनाच्या दिवशी पोलीस बंदीचे आदेश काढतात. पुण्यात अनंत चतुर्दशीला बेतच आखू नका. आषाढी-कार्तिकीला तर आपला जिल्हाच वारीत असतो. पंढरपूर बाजूचे रस्तेही भरलेले असतात आणि फिरतीच पुढे ढकलणं शहाणपणाचं.

जिल्हाधिकारी स्थानिक कारणासाठी एका दिवसाची बंदी घालू शकतात, आणि ती छापील यादीत नसते. म्हणून फोनवर तारीख सांगून विचारा: "अमुक तारखेला चालू आहे ना?"

टप्पा ६: गाडी संध्याकाळच्या बेतातून बाहेर काढा

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे. लोक तो सगळ्यात हलक्यात घेतात, म्हणून इथं जरा थांबतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात, तर दोन वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

"एकच बिअर घेतली" म्हणणाऱ्यांनी हा हिशोब बघावा. ५०० मिलिलिटर बिअरमध्ये ५ टक्के अल्कोहोल म्हणजे २५ मिलिलिटर, वजनात सुमारे २० ग्रॅम. ७० किलोच्या पुरुषाने ती पटकन, रिकाम्या पोटी घेतली, तर रक्तातलं प्रमाण ४० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकतं. म्हणजे एकाच मोठ्या ग्लासात मर्यादा ओलांडली. वजन कमी असेल, तर आणखी लवकर. बायकांमध्ये तेवढ्याच वजनाला प्रमाण जास्त चढतं.

आता उतरण्याचा वेग. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल जाळतं. अर्ध्या लिटरच्या तीन बिअर म्हणजे ६० ग्रॅम. ते पूर्ण जायला सहा ते साडेआठ तास लागतात. रात्री अकराला शेवटचा घोट घेतला, तर सकाळचे पाच ते साडेसात वाजतात. आपल्याकडे "उन्हाच्या आत निघू" म्हणून पहाटे पाचला गाडी काढायची सवय आहे. त्या वेळी अंगात दारू असू शकते, आणि यवतपर्यंत ट्रकच्या रांगांतून चालवायचं असतं. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याने अंघोळ यांनी जाग येते, दारू उतरत नाही. ती फक्त वेळेने उतरते.

म्हणून असं करा:

१. हॉटेल ब्रुअरीपासून चालत, रिक्षाने किंवा मेट्रोने जाण्याच्या अंतरावर घ्या. खोली थोडी महाग पडली तरी चालेल.

२. संध्याकाळी गाडी हॉटेलच्या पार्किंगला लावा, नमुन्यांच्या बॅगा खोलीत न्या आणि किल्ली बॅगेच्या तळाशी ठेवा.

३. परतीची कॅब किंवा शेवटच्या मेट्रोची वेळ जाण्याआधी बघा. रात्री साडेअकराला, मोबाईल बंद पडत आलेला असताना नव्हे.

४. सोबत ड्रायव्हर असेल, तर त्यालाही हाच नियम. "घ्या हो मामा थोडी, उद्या दुपारी तर निघायचंय" असा आग्रह करू नका. त्यांचं जेवण आणि झोपायची जागा आधी लावून द्या, रात्री बाहेर ताटकळत ठेवू नका. सकाळी तुमचा जीव त्यांच्या हातात असतो.

तपासा: "परत कसे जाणार?" याचं एका वाक्यात उत्तर देता येतं का? त्यात स्वतःच्या गाडीचा उल्लेख आला, तर टप्पा २ वर परत जा.

टप्पा ७: आत गेल्यावर

रिकाम्या पोटी जाऊ नका. बाहेरचं खाणं आत चालत नाही, पण निघण्याआधी खोलीवर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही पोटात असेल, तर संध्याकाळ बरी जाते. फिरतीवर कडक भाकरीचा डबा आपल्याकडे असतोच.

बसल्यावर आधी पाणी मागवा, मग सॅम्पलर. सहा लहान ग्लास १०० मिलिलिटरचे धरले, तर ती ६०० मिलिलिटर बिअर झाली. "नुसती चव घेतली" असं म्हणून तिच्यावर दोन पूर्ण ग्लास चढवू नका. सॅम्पलरमधली आवडलेली एक पूर्ण घ्या, तिथं थांबा.

चव घेण्याचा क्रम हलक्याकडून जड आणि कडू बिअरकडे. आधी गव्हाची किंवा लागर, मग पेल एल (फिकट रंगाची एल), मग स्टाउट (काळी, भाजल्या चवीची) आणि आयपीए (इंडिया पेल एल, जास्त कडू). उलटं केलं, तर आयपीएच्या कडवटपणापुढे गव्हाची बिअर पाण्यासारखी लागते आणि तिच्यावर अन्याय होतो. ८-९ टक्क्यांची बेल्जियन ट्रिपल (कडक एल) असेल, तर ती शेवटी, आणि लहान ग्लासातच.

काय बरोबर आणि काय बिघडलेलं, हे ओळखता आलं पाहिजे. हेफेवायझनला (जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला) केळं-लवंगेसारखा वास येतो. तो तिच्या यीस्टचा असतो, वरून इसेन्स घातलेला नसतो. विटबिअरमध्ये (बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये) संत्र्याची साल आणि धने असतात. या दोन्ही गढूळच असतात, म्हणून परत पाठवू नका. मात्र साध्या लागरला लोण्यासारखा किंवा उकडलेल्या मक्यासारखा वास आला, कच्च्या सफरचंदासारखं लागलं, किंवा आंबट नसायला हवी ती बिअर व्हिनेगरसारखी आंबट लागली, तर बनवताना काहीतरी राहिलंय किंवा नळाची पाइप धुतलेली नाही. पाइप दोन आठवड्यांतून एकदा तरी धुवावी लागते. शांतपणे सांगा, दुसरी मागा. चांगली जागा वाद न घालता बदलून देते.

आणि ग्लास बर्फात गोठवून आणायला सांगू नका. सोलापूरच्या उन्हाळ्यातून गेलेल्याला तो मोह होतो हे मान्य. पण अतिथंड बिअरची चव लागत नाही, आणि आपण एवढ्या लांब चवीसाठीच आलो आहोत.

टप्पा ८: टाक्या बघायच्या असतील तर

बंद बूट घालून जा. आत फरशी ओली असते, गरम पाण्याच्या पाइप असतात. टाक्यांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि बंद जागेत तो जीवघेणा ठरू शकतो. म्हणून ब्रुअर जिथपर्यंत नेईल तिथपर्यंतच जा आणि झाकणं उघडून वाकून बघू नका. हे पिण्याआधी करा, नंतर नाही.

वेळ आठवड्यातल्या दिवसाची, दुपारी उशिराची मागा. एका बॅचचं उकळण्यापर्यंतचं काम सहा ते आठ तास चालतं. ते सकाळी सुरू झालेलं असेल, तर दुपारपर्यंत ब्रुअर मोकळा होत आलेला असतो. त्याला नेमकं विचारा: माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) कुठलं, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) कोणते, आत्ता टाकीत काय आहे, ते कधी नळावर येईल? मी प्रत्येक ठिकाणी ज्वारीबद्दल विचारतो. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे. आपली ज्वारी बिअरमध्ये कशी लागेल, यावर ब्रुअर मनापासून बोलतात, आणि पुढच्या खेपेला आपला चेहरा त्यांच्या लक्षात राहतो.

टप्पा ९: बिल

जेवणाचं आणि बिअरचं बिल वेगळं मागा, तेही ऑर्डर देतानाच. जेवणावर जीएसटी लागतो. दारू जीएसटीच्या बाहेर आहे आणि तिच्यावर राज्याचा कर असतो, त्यामुळे काउंटरवर दोन बिलं निघणं सहज जमतं. जेवणाचं बिल कंपनीच्या खर्चात लावा, बिअरचं स्वतःच्या खिशातून, रोख किंवा स्वतःच्या यूपीआयने. पार्टीला सोबत नेलं असलं तरी आधी साहेबांना विचारल्याशिवाय बिअर खर्चात टाकू नका.

टप्पा १०: घरी आणायचा विचार असेल तर

बहुतेकांनी आणूच नये. कर्नाटक, तेलंगणा किंवा गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि माल सापडला तर गाडीही जप्त होते. हैदराबादहून येताना तर रस्ता तेलंगणातून कर्नाटकात आणि हुमनाबाद ओलांडून महाराष्ट्रात येतो. म्हणजे दोन हद्दी आणि तीन राज्यांचे नियम. बंगळुरूहून विजयपूर रस्त्याने टाकळीजवळ भीमा ओलांडली की महाराष्ट्र सुरू झाला. गाडीत चादरींचे गठ्ठे असतील, तर तपासणीत तेही उतरवले जाऊ शकतात.

राहिलं पुणं. तिथं राज्याची हद्द मध्ये येत नाही. ग्राउलरमध्ये (बिअर न्यायच्या मोठ्या बाटलीत) भरून देतात का, ते त्या जागेला विचारा, आणि परवाना व बिल जवळ ठेवा. ही बिअर बहुधा पाश्चराइझ केलेली (तापवून जंतू मारलेली) नसते, सतत थंड राहिली तरच टिकते आणि उघडली की त्याच दिवशी संपवावी लागते. एप्रिल-मेमध्ये मोहोळ गाठेपर्यंत डिकी भट्टीसारखी तापलेली असते. बर्फाच्या पेटीशिवाय आणलेली बिअर घरी ओतून द्यावी लागेल. सीलबंद ग्राउलर डिकीत ठेवा, पुढच्या सीटवर नको, आणि वाटेत उघडू नका.

टप्पा ११: दुसरी सकाळ

पोटभर नाश्ता करा, दोन ग्लास पाणी प्या आणि टप्पा ६ मधला हिशोब घड्याळ बघून पुन्हा मांडा. शेवटचा ग्लास किती वाजता संपला आणि एकूण किती घेतली, हे रात्रीच मोबाईलमध्ये लिहून ठेवलेलं असेल तर अंदाज चुकत नाही. हिशोब दुपारी बारा सांगत असेल, तर बारालाच निघा. दिवसाच्या पहिल्या पार्टीला फोन करून वेळ पुढे घ्या: "शेठ, जरा उशीर होतोय, दोनपर्यंत पोचतो."

निघण्याआधी त्या जागेचं नाव, आवडलेली बिअर आणि नळावर यायच्या बेतात असलेली नवी बिअर वहीत टिपा. पुढच्या फिरतीचा कागद मांडताना टप्पा २ आणि ३ चं निम्मं काम तिथंच झालेलं असेल.